समुद्रापासून चारशे किलोमीटर दूर खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय: मासे आणण्याआधी टाकी सहा आठवडे रिकामी का ठेवायची?

परभणी जिल्ह्यातील पालम गोदावरीच्या खोऱ्यात आहे. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून लांब. तरीही मोबाइलवर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश, निळे डॅमसेल, लाटेसारखे हलणारे पाणी असे व्हिडिओ पाहून अशी टाकी आपल्याही घरात असावी, असे इथल्या कुणालाही वाटू शकते. काचेची टाकी, पंप, मीठ, सगळे पार्सलने घरपोच मिळते. मासेही मिळतात.

अडचण पुढे येते. टाकी भरली, पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले, दुसऱ्या दिवशी मासे सोडले आणि आठवडाभरात एकेक मासा तळाशी गेला, हा नव्या हौशी लोकांचा नेहमीचा अनुभव. मग दोष दुकानदाराला, मिठाला किंवा नशिबाला दिला जातो. बहुतेक वेळा खरे कारण डोळ्यांना दिसत नाही. टाकीत पाणी आणि मासे असतात, पण माशांची घाण पचवणारे जीवाणू नसतात. हे जीवाणू वाढवण्याच्या प्रक्रियेला ‘टाकी सायकल करणे’ म्हणतात. ती काय असते, तिला किती वेळ लागतो आणि पालमसारख्या ठिकाणी कोणती जास्तीची काळजी घ्यावी लागते, ते पाहू.

मिठाचे पाणी आणि समुद्राचे पाणी यात फरक काय?

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला मोठा वाटा सोडियम आणि क्लोराइडचा, म्हणजे आपल्या खाण्याच्या मिठाचा. पण त्याशिवाय सल्फेट सुमारे २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, कॅल्शियम ०.४ ग्रॅम आणि तेवढेच पोटॅशियम असते. समुद्री जीवांना हे सगळे लागते. म्हणून स्वयंपाकघरातले आयोडीनयुक्त मीठ घालून समुद्राचे पाणी होत नाही. त्यासाठी ‘मरीन सॉल्ट’ नावाने मिळणारे तयार मिश्रणच वापरावे लागते. १०० लिटर पाण्याला ते साधारण साडेतीन ते चार किलो लागते.

ही युक्ती जुनी आहे. सार्वजनिक मत्स्यालयाची सुरुवात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली झाली. त्याच दशकात फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृती मांडली. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनाही समुद्री जीव पाळता यावेत, हा त्यामागचा विचार. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या समोरच समुद्र होता. पालमकराला तो पोत्यातून आणावा लागतो.

पाणी किती खारट झाले हे चवीने ठरवायचे नसते. हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचे. दूध संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हायड्रोमीटर समजायला वेळ लागणार नाही. तत्त्व तेच, द्रव जितका घन तितकी कांडी वर तरंगते. वाचन १.०२५ ते १.०२६ च्या आसपास हवे.

पाणी कुठले वापरायचे?

मराठवाड्यातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. शेतीच्या भागात त्यात नायट्रेटही असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी या मर्यादेत असले म्हणून मत्स्यालयासाठी योग्य ठरतेच असे नाही. नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी टीसीएल पावडर म्हणजे क्लोरीन असते. ते जीवाणू मारण्यासाठीच घातलेले असते आणि इथे तर आपल्याला जीवाणू वाढवायचे आहेत.

म्हणून आरओचे पाणी घ्यावे आणि जमल्यास ते पुढे डीआयोनायझर रेझिनमधून काढावे. छोट्या टीडीएस मीटरवर वाचन शून्याच्या जवळ आले की पाणी चालते. जारचे पाणी वापरायचे असेल तर तेही आधी मोजावे. प्रत्येक जारमागे आकडा वेगळा येऊ शकतो.

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना अनेकदा दोन-तीन लिटर पाणी सोडून देते. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात हे पाणी मोरीत सोडून देणे शोभत नाही. मीठ मिसळण्याआधीचे हे पाणी फरशी पुसायला, भांडी घासायला, गाडी धुवायला चालते.

‘सायकल’ म्हणजे नेमके काय?

पालम परिसरातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट अर्धी माहीतच आहे. कपाशीला युरिया टाकला की तो जसाच्या तसा पिकाला मिळत नाही. काळ्या मातीत आधी त्याचा अमोनियम होतो. मग मातीतले काही जीवाणू अमोनियमचे नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि मुळे ते शोषतात. ही कामे जीवाणू दोन टप्प्यांत करतात, हे सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले.

टाकीतही हेच घडते. फक्त युरियाच्या जागी माशांची विष्ठा, कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया आणि उरलेले खाद्य असते. अमोनिया माशांना अत्यंत घातक. त्यापासून होणारे नायट्राइट गोड्या पाण्यात मोठा त्रास देते. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे त्याचा परिणाम बराच कमी होतो, पण ते साचणे म्हणजे साखळी अपुरी असल्याची खूण. शेवटी तयार होणारे नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते.

मातीत हे जीवाणू पिढ्यान्‌पिढ्या वसलेले असतात. नव्या काचेच्या टाकीत ते नगण्य असतात. शिवाय त्यांची वाढ अतिशय संथ. दूध नासवणारे जीवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकतात. अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला बहुधा अर्धा-एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. सहा आठवडे थांबायला सांगतात ते यासाठी.

या कामात फक्त जीवाणूच नसतात. २००५ साली शास्त्रज्ञांनी अमोनियावर जगणारा एक आर्किया, म्हणजे जीवाणूंहून वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव, पहिल्यांदा वेगळा काढून वाढवला. तो सापडला अमेरिकेतील सिएटल मत्स्यालयाच्या समुद्री टाकीतल्या खडीत. नंतर असे सूक्ष्मजीव खुल्या समुद्रातही प्रचंड संख्येने असल्याचे स्पष्ट झाले.

खाऱ्या पाण्यात अमोनिया जास्त धोकादायक का?

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो तुलनेने निरुपद्रवी. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून थेट शरीरात शिरतो. कोणते रूप किती, हे पाण्याच्या पीएचवर ठरते. पीएच ७ असलेल्या पाण्यात मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास. तिथे हा वाटा दहापटीने वाढतो. म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत गप्पी ज्या चुकीतून वाचतात, तीच चूक समुद्री माशाच्या जिवावर बेतू शकते.

त्यात समुद्राच्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी.

टाकी कशी उभी करायची?

पहिली टाकी फार लहान घेऊ नये. १०० लिटर किंवा त्याहून मोठी टाकी सांभाळायला सोपी जाते, कारण पाणी जास्त असले की चुकीचा परिणाम सावकाश होतो. पाणी, काच, वाळू, दगड मिळून तिचे वजन सहज दीडशे किलोपर्यंत जाते. लाकडी स्टूल किंवा डुगडुगणारे टेबल चालणार नाही. खिडकीतले ऊन थेट पडेल अशी जागाही नको.

आत पाणी फिरवणारा पंप हवा. पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहिला की प्राणवायू मिसळतो. जीवाणूंना राहायला सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकचे तुकडे हवेत, कारण ते पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून वाढतात. शक्य असल्यास प्रोटीन स्किमर घ्यावा. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना वर येणारी मळी जशी काढून टाकतात, तसे हे यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण कुजण्याआधीच बाहेर काढते.

मीठ शुद्ध पाण्यात मिसळून पंप चोवीस तास चालू ठेवावा. क्षारता आणि तापमान पाहावे. २५ ते २७ अंश सेल्सिअस योग्य. आता टाकी दिसायला तयार असते. खरे काम इथून सुरू होते.

सहा आठवड्यांत काय काय घडते?

पहिला आठवडा. जीवाणूंना अन्न म्हणून अमोनिया द्यायचा, पण मासा न टाकता. त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरतात. हा म्हणजे कल्हईवाल्याकडचा नवसागर. मात्र कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असे नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. १०० लिटर पाण्यात साधारण ०.६ ग्रॅम टाकला की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. एवढेच पुरे. जास्त टाकल्याने काम लवकर होत नाही, उलट खूप वाढलेला अमोनिया जीवाणूंनाच रोखतो. नवसागर मिळत नसेल तर सोललेल्या कोळंबीचा छोटा तुकडा जाळीत बांधून कुजू देतात. पद्धत चालते, पण मोजमाप राहत नाही आणि घरात वास सुटतो.

दुसरा-तिसरा आठवडा. अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढू लागते. म्हणजे पहिली फळी कामाला लागली. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा थोडा द्यायचा, नाहीतर जीवाणूंची उपासमार होते.

तिसरा ते पाचवा आठवडा. नायट्राइट बराच काळ वरच राहते. अनेकांचा धीर इथे सुटतो. काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढतो. हे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल. मागून हिरवे शेवाळही येते. टाकी कुरूप दिसते, पण बिघडलेली नसते. दिवे कमी वेळ लावावेत, काच पुसावी आणि औषधे ओतू नयेत.

पाचवा-सहावा आठवडा. नायट्राइट खाली येते, नायट्रेट वाढलेले दिसते. काही टाक्यांना आठ आठवडेही लागतात. बाटलीबंद जीवाणू टाकल्याने हा काळ कमी होऊ शकतो. मात्र बाटली लांबच्या उन्हातल्या प्रवासात तापली असेल तर आतले जीवाणू जिवंत असतीलच असे नाही. म्हणून बाटली टाकली तरी चाचणी टाळता येत नाही.

टाकी तयार झाली हे कसे ओळखायचे?

कॅलेंडरवरून नाही आणि पाण्याच्या स्वच्छतेवरून तर नाहीच. अमोनिया रंगहीन असतो. थेंबांच्या चाचणी किटने मोजावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे.

शेवटची परीक्षा साधी आहे. टाकीत पुन्हा लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया द्या. चोवीस तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टाकी तयार. काहीही शिल्लक राहिले तर अजून थांबायचे. उत्तीर्ण झाल्यावर साचलेले नायट्रेट कमी करण्यासाठी निम्म्याच्या आसपास पाणी बदलावे आणि त्यानंतर मासे आणावेत.

‘आधी एखादा स्वस्त मासा टाकून बघू’ ही जुनी पद्धत मात्र टाळावी. तो मासा जगला तरी कल्ले भाजल्यासारख्या यातना सोसूनच जगतो. त्याच्यासोबत रोग आला तर टाकी सुरुवातीलाच बाधित होते.

उन्हाळा आणि वीज गेल्यावर काय?

परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. खोलीत तापलेल्या टाकीचे पाणी ३२ अंशांवर गेले की प्राणवायू आणखी घटतो. इथल्या कोरड्या हवेचा एक फायदा मात्र आहे. पाण्यावर छोटा पंखा सोडला की कूलरसारखेच बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश गार होते. दमट मुंबईपेक्षा मराठवाड्यात हा उपाय जास्त परिणामकारक.

त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. पाणी उडते, मीठ मागेच राहते. १०० लिटरमधून पाच लिटर उडाले की क्षारता ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. म्हणून काचेवर पातळीची खूण करून ठेवावी आणि कमी झालेले पाणी रोज साध्या आरओ पाण्याने भरावे. इथे खारे पाणी ओतणे ही फार सामान्य चूक आहे.

वीज गेली की पंप थांबतो. अशा वेळी माशांइतकाच जीवाणूंनाही धोका असतो, कारण त्यांनाही प्राणवायू लागतो. बंद पडलेल्या फिल्टरमध्ये काही तासांत ते मरू लागतात आणि वीज आल्यावर तीच घाण टाकीत परत येते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप किंवा इन्व्हर्टरवर जोडलेला एक पंप ही चैन नाही. टाकीइतकीच ती गरज आहे. याची तजवीज नसेल तर टाकी घेऊच नये.

मासे कोणते घ्यावेत, कोणते घेऊ नयेत?

बाजारातले बहुतांश समुद्री शोभिवंत मासे समुद्रातून पकडलेले असतात. क्लाउनफिश मात्र बंदिस्त जागेत वाढवता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. महाराष्ट्रातही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात समुद्री शोभिवंत माशांच्या बीजोत्पादनाचे काम झाले आहे. असा वाढवलेला मासा कोरडे खाद्य खायला शिकलेला असतो आणि टाकीत लवकर रुळतो. १०० लिटरच्या टाकीत सुरुवातीला दोन छोटे क्लाउनफिश पुरेत. पुढचा मासा महिनाभराने, कारण वाढलेल्या घाणीइतके जीवाणू वाढायलाही वेळ लागतो.

कायद्याची बाजू अनेकांना ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली त्याच्या संरक्षित यादीत रीफ बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या यांचा समावेश झाला. परदेशी व्हिडिओत दिसणारी प्रवाळांनी भरलेली टाकी इथे जशीच्या तशी करता येत नाही. ‘लाइव्ह रॉक’ किंवा प्रवाळाच्या सांगाड्याची खडी म्हणून विकला जाणारा मालही टाळावा. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम दगड जीवाणूंना तितकेच चालतात.

लांबून आलेली पिशवी उघडताना

पालमला मासे येतात ते मोठ्या शहरांतून, पिशवीत, अनेक तासांचा प्रवास करून. या काळात पिशवीत अमोनिया साचतो. पण माशाच्या श्वासातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच खाली जातो आणि अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया पुन्हा विषारी होतो.

म्हणून लांबून आलेल्या माशांना उघड्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी देत बसू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे करावे. पिशवीतल्या पाण्याची क्षारता विक्रेत्याला आधीच विचारून टाकीचे पाणी त्याच्या जवळ आणून ठेवावे. मग मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

रोजची देखभाल आणि काढलेले पाणी

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला की सहा आठवड्यांची कमाई क्लोरीनबरोबर वाहून जाते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. दर एक-दोन आठवड्यांनी दहा ते पंधरा टक्के पाणी बदलावे आणि नवे खारे पाणी एक दिवस आधी मिसळून ठेवावे.

काढलेले पाणी परसबागेत, कुंड्यांत किंवा शेताच्या बांधावर टाकू नये. पंधरा लिटर पाण्यात अर्धा किलोहून जास्त क्षार असतात. निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत ते साचत जातात आणि पिकाची मुळे पाणी घेईनाशी होतात. हे पाणी सांडपाण्याच्या गटारीत सोडावे. हौस संपली म्हणून मासे नदीत किंवा विहिरीतही सोडू नयेत. गोड्या पाण्यात समुद्री मासा जगत नाही. ते विक्रेत्याला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला परत द्यावेत.

टाकी घ्यायचे ठरले असेल तर खरेदीचा क्रमही लक्षात ठेवावा. आधी चाचणी किट, टीडीएस मीटर आणि विजेची पर्यायी सोय. मग टाकी, पंप, दगड आणि मीठ. माशांची मागणी मात्र वहीत दोन शून्य लिहिले गेल्यानंतरच नोंदवायची.